लावणीतला ताप नैसर्गिक कसा?

जुलै महिना, कोकणातलं कुठलंही गाव, लावणी जोरात. एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोघे शेतकरी चिखलात उभे आहेत. एकाला नाग चावतो आणि तो दवाखान्यात पोचायच्या आत दगावतो. दुसऱ्याच्या पायाच्या भेगेतून लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू शिरतात, आठ-दहा दिवसांनी त्याला ताप भरतो, डोळे लालभडक होतात, मग लघवी कमी होते, मूत्रपिंडं बंद पडतात आणि तोही जातो. पहिल्याच्या घरी सरकारची 2 लाखांची मदत येऊ शकते. दुसऱ्याच्या घरी येत नाही, कारण आजाराने आलेलं मरण सरकारदरबारी नैसर्गिक ठरतं.

मी ज्या मदतीबद्दल बोलते आहे ती गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. 2023 पासून ती विमा कंपनीच्या हातून काढून सरकारने थेट अनुदानाच्या रूपात आणली, हे चांगलंच झालं. तिच्या यादीत वीज पडणं आहे, विजेचा धक्का आहे, पाण्यात बुडणं आहे, फवारणी करताना होणारी विषबाधा आहे, सर्पदंश, विंचूदंश आणि जनावराचं चावणं आहे. बाळंतपणातला मृत्यूसुद्धा आहे. ही यादी करणाऱ्याला शेतकऱ्याच्या जिवावर काय काय बेततं याची जाण होती. तरीही शेतात राबताना जडणारा ताप त्या यादीतून सुटला.

लेप्टो, माकडताप आणि स्क्रब टायफस हे तीन ताप कामावरचे अपघात म्हणून या यादीत घ्यावेत, असं माझं म्हणणं आहे. पैशाचा भाग त्यात आहेच. कर्ता माणूस गेलेल्या घराला 2 लाख म्हणजे काय, हे सांगायला नको. पण त्याहून मोठा फायदा निदानाचा आहे. ताप हा कामाचा आजार आहे असं एकदा कागदावर आलं की दवाखान्यात रोग्याला काम विचारावं लागेल. आज ते विचारलं जात नाही, आणि त्यापायी माणसं मरतात.

लेप्टो उंदराच्या मुतातून होतो, हे कोकणात आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. ते खरं आहे, पण अपुरं. गुरं, म्हशी, डुकरं, कुत्री यांच्या मुतातूनही हे जंतू बाहेर पडतात आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात कित्येक दिवस टिकून राहतात. अंगात शिरायला त्यांना लहानशी जखमही पुरते. आता लावणीतले पाय आठवून बघा. सहा-सहा तास पाण्यात उभं राहून कातडी पांढरी पडून सुरकुतलेली असते, टाचांना भेगा असतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात. रात्री त्या चिखल्यांना खोबरेल आणि हळद लावायची आणि सकाळी पुन्हा त्याच चिखलात उतरायचं, असा महिना-दीड महिना जातो. जंतूंना याहून उघडं दार दुसरं कुठलं मिळणार?

मग ताप येतो. अंग मोडून येतं, डोकं ठणकतं, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देववत नाही. पण लावणीत अंग कोणाचं दुखत नाही? पहिले दोन-तीन दिवस यातच जातात. घरातली क्रोसिनची गोळी घेऊन माणूस पुन्हा शेतात जातो, कारण तरवा, म्हणजे लावायची रोपं, काढून ठेवलेला असतो आणि पाऊस थांबत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी डोळे पिवळे दिसले की कावीळ झाली म्हणून झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे नेतात. तिथे आणखी दोन दिवस जातात. सगळ्यात महत्त्वाचा वेळ तोच असतो, कारण सुरुवातीला डॉक्सिसायक्लिनच्या साध्या कॅप्सूलने आटोक्यात येणारा हा आजार एकदा मूत्रपिंडात आणि फुप्फुसात उतरला की तालुक्याच्या डॉक्टरच्या हाताबाहेर जातो. फुप्फुसात रक्तस्राव सुरू झाला तर निम्म्याहून जास्त रोगी दगावू शकतात.

रक्ततपासणीचाही एक पेच आहे. लेप्टोची नेहमीची तपासणी अंगात तयार झालेली प्रतिद्रव्यं शोधते, आणि ती तयार व्हायलाच पाच-सात दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी रक्त काढलं तर रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि घरचे निर्धास्त होतात. म्हणून पहिल्या दिवसांत रिपोर्टपेक्षा प्रश्न जास्त कामाचा असतो. शेतात होतास का? किती दिवस? पायाला जखम आहे का? या तीन उत्तरांवर जाणता डॉक्टर गोळी सुरू करतो आणि रिपोर्ट मागाहून आला तरी चालतो.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या वैद्याने हे सांगून ठेवलं होतं. हिपोक्रॅटिसच्या काळापासून वैद्य रोग्याला जे प्रश्न विचारत आले, त्यात त्याने आपला एक घातला: तू काम काय करतोस? तीनशे वर्षं झाली. आपल्याकडच्या केसपेपरवर नाव, वय, गाव आणि तक्रार असते. व्यवसायाचा रकाना असलाच तर दीड महिना चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बाईपुढे ‘गृहिणी’ लिहून मोकळे होतात. माझ्या शेजारघरातल्या काकींच्या केसपेपरवर हेच लिहिलेलं मी वाचलं आहे. ताप चौथ्या दिवसाचा होता, नखांत चिखल तसाच होता आणि कागदावर बाई घरात बसलेली होती. त्या वाचल्या. जिल्ह्याच्या ठिकाणी नेल्यावर तिथल्या नर्सने हात बघून विचारलं, म्हणून.

गमबूट घाला, हा सल्ला दरवर्षी भिंतीवर लागतो. लावणीत उतरलेल्या कोणालाही विचारा, चिखल केलेल्या कोपऱ्यात, म्हणजे भाताच्या लहान शेतात, गमबूट रुततो, पाय वर येतो आणि बूट खाली राहतो. बुटात पाणी शिरलं की चिखल्या आणखी वाढतात. गोठ्यात, नाल्यात, बांधाच्या कामाला बूट जरूर वापरावेत, पण लावणीला त्यांचा उपयोग नाही आणि न झेपणारा सल्ला देऊन वर लोक ऐकत नाहीत म्हणणं अन्यायाचं आहे. लावणीच्या दिवसांत ज्यांना धोका जास्त आहे त्यांना आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन देण्याची पद्धत सरकारी मार्गदर्शनात आहे आणि कोकणात ती वापरलीही गेली आहे. गर्भवतींना आणि लहान मुलांना ती द्यायची नसते, आणि ती सहा आठवड्यांच्या पलीकडे चालवायची नसते. गोळ्या वेळेवर येणं आणि कोणाला द्यायच्या याची यादी असणं, या दोन गोष्टींवर सगळं अडतं.

मुंबईचं उदाहरण बघा. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, शहर पाण्यात गेलं आणि मागोमाग लेप्टोची साथ आली. तेव्हापासून जोरदार पाऊस झाला की महापालिका सांगते, साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर 24 ते 72 तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्या. हे योग्यच आहे. घोटाभर पाण्यातून स्टेशन गाठणाऱ्याला ही काळजी मिळते तर त्याच पाण्यात महिनाभर राबणाऱ्याचा हक्क किती मोठा असायला हवा? दक्षिण गुजरातेत सुरत, वलसाड, नवसारीच्या भात आणि उसाच्या पट्ट्यात हा आजार नव्वदीच्या दशकापासून दर पावसाळ्यात माणसं नेतो. जगाचा हिशेबही तेच सांगतो. 2015 मध्ये मांडलेल्या एका अंदाजाप्रमाणे लेप्टोचे वर्षाला 10 लाखांवर रुग्ण होतात आणि सुमारे 59 हजार मरतात, आणि सगळ्यात जास्त भार 20 ते 49 या वयाच्या पुरुषांवर पडतो, म्हणजे घर चालवणाऱ्यांवर.

पाऊस संपला की दुसरा ताप येतो. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि पाठोपाठ गावांतली माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संस्थेतल्या संशोधकांनी तिथे जाऊन नवा विषाणू शोधून काढला. कितीतरी वर्षं तो त्या पट्ट्यातच राहिला. मग 2012 मध्ये बंदीपूर, पुढे केरळात वायनाड, 2015 मध्ये गोव्यातला सत्तरी तालुका आणि 2016 मध्ये आमचा सिंधुदुर्गातला दोडामार्ग. माकडताप हे नाव पडलं आणि दोष माकडांच्या माथी गेला. प्रत्यक्षात माकडं बिचारी या तापाने स्वतः मरतात. माणसाला तो होतो गोचिडीपासून, तीही बहुतेक वेळा अर्धवट वाढलेल्या, जेमतेम नजरेला दिसणाऱ्या गोचिडीपासून. मेलेल्या माकडाच्या अंगावरून गोचिडी उतरतात आणि आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. म्हणून माकड मेलेलं दिसलं की हात न लावता आरोग्य खात्याला कळवायचं असतं.

गोचिडी वाढतात डिसेंबर ते मे. याच महिन्यांत आमच्याकडे पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, गोळा करतात, भाजावळीसाठी (पेरणीआधी जमीन भाजायला) आणि गोठ्यात अंथरायला. डोक्यावर पातेऱ्याचे भारे घेऊन बायका रानातून येतात तेव्हा त्या भाऱ्यात काय काय येतं याची कल्पना करा. पाठोपाठ काजूचा हंगाम. पडलेली बोंडं उचलून बी पिळून काढायची म्हणजे दिवसभर खाली वाकून पाचोळ्यातच हात. सत्तरीत आणि आमच्याकडे या तापाने ज्यांना गाठलं त्यांत काजूच्या बागेत राबणारे कितीतरी होते. या तापावर नेमकं औषध नाही. शंभरातले तीन ते पाच जण दगावतात. काहींना ताप उतरून आठवडा-दोन आठवडे बरं वाटतं आणि मग डोकेदुखी, थरथर घेऊन तो परततो. जुनी लस कमी पडत गेली आणि 2022 मध्ये बंद झाली, नव्या लशीवर काम चालू आहे. तोवर हातात आहे ते गोचिडी दूर ठेवायला हातापायांना चोळायचं डेपा तेल, अंगभर कपडे, घरी आल्यावर गरम पाण्याची आंघोळ आणि वेळेत दवाखाना. यातल्या वेळेत दवाखाना या भागासाठी आधी रोजगार बुडाला तरी चालेल अशी सोय लागते. काजूचा हंगाम तीन महिन्यांचा असतो. तापाच्या दुसऱ्या दिवशी कोण बाई रोज बुडवून चाचणीला जाईल?

तिसरा, स्क्रब टायफस, विदर्भाच्या ओळखीचा. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास त्याने बरेच बळी घेतले. गवतात, झुडपांत राहणाऱ्या चिगर माइट नावाच्या सूक्ष्म किड्याच्या पिल्लाच्या चाव्याने तो होतो. चावलेल्या जागी पुष्कळदा विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते, पण ती असते काखेत, जांघेत, साडीच्या निरीखाली, स्तनांच्या खाली. ती शोधायला रोग्याला आडोशाला नेऊन कपडे बाजूला करून पाहावं लागतं आणि गर्दीच्या ओपीडीत ते होत नाही. मग विडाल चाचणी होते, टायफॉइड निघतो, रोज एक इंजेक्शन सुरू होतं. टायफॉइडवर सर्रास दिलं जाणारं सेफ्ट्रियाक्सोन स्क्रब टायफसच्या जंतूवर चालत नाही. घरचे म्हणतात, इंजेक्शनं चालू आहेत, उतरेल ताप. इकडे काही रुपयांची डॉक्सिसायक्लिन कपाटात पडलेली असते. गवत कापायला गेली होतीस का, एवढं कोणी विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी ती मिळाली असती.

तापाच्या बाबतीत सरकारी यंत्रणेला काही जमतच नाही, असं मी मुळीच म्हणणार नाही. मलेरियात तिने करून दाखवलं आहे. गडचिरोलीच्या पाड्यावर आशाताई बोटातून थेंबभर रक्त घेते, पट्टीवर टाकते, पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळतं आणि गोळी त्याच दिवशी पोटात जाते. ठरवलं की जमतं. लेप्टो आणि स्क्रब टायफससाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात तेवढी तत्परता का नसावी? माकडतापाचा नमुना जिल्ह्याबाहेर पाठवून त्याची वाट बघत बसण्यापेक्षा सिंधुदुर्गातच तपासणीची सोय बारमाही का नसावी?

आता आक्षेप. पहिला असा की ताप कामावरच लागला हे कशावरून? घरातही उंदीर असतात. असतात. सापही घरात चावतो, आणि ही योजना साप कुठे चावला हे विचारत नाही. शिवाय सर्पदंशाचा पंचनामा आणि डॉक्टरचा दाखला पुरतो तर प्रयोगशाळेचा रिपोर्ट हा त्याहून पक्का पुरावा आहे. दुसरा आक्षेप, संसर्गजन्य आजाराला अपघात कसं म्हणायचं? 2020 मध्ये केंद्र सरकारनेच म्हटलं. कोविडच्या कामावर असताना संसर्ग होऊन जे आरोग्य कर्मचारी गेले, त्यांच्या घरच्यांसाठी 50 लाखांचं विमा कवच दिलं आणि त्यात आशाताईही होत्या. कामावर लागलेला जंतू हा कामावरची इजा आहे, हे तत्त्व त्या दिवशी या देशाने मान्य केलं. ब्रिटनमध्ये उंदीर किंवा गुरं असलेल्या जागी काम करणाऱ्याला लेप्टो झाला तर तो औद्योगिक इजेच्या मदतीच्या यादीत आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2010 च्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीतही त्याचं नाव आहे. आपल्याकडच्या कामगार भरपाईच्या कायद्यातसुद्धा संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामातले आजार मोजले जातात. पण तो कायदा मालकाकडून भरपाई मागण्याचा. स्वतःच्या कोपऱ्यात राबणाऱ्याने मालक म्हणून कोणाकडे बोट दाखवायचं?

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मला सगळ्यात लंगडा वाटतो. ज्या तापांनी मेलेल्यांची संख्या कमी आहे म्हणून त्यांच्याकडे लक्ष गेलं नाही, त्यांच्याच मदतीचा खर्च मात्र जास्त कसा होईल? आणि संख्या खरोखर मोठी निघाली, तर इतकी वर्षं आपण ती मोजली नाही एवढंच त्यातून सिद्ध होईल.

खरी अडचण वेगळी आहे. ही योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरच्या एका माणसासाठी आहे. रोजावर लावणीला येणारी बाई, बी वेचायला बाहेरून आलेलं कुटुंब, खंडाने जमीन कसणारा, यांतलं कोणीच तिच्यात बसत नाही. मुंबईच्या गटारांत उतरणारे तर नाहीतच. गटारात गुदमरून मेलेल्याच्या वारसांना सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये 10 लाख आणि 2023 मध्ये 30 लाख ठरवून दिले, पण त्याच गटारातून लेप्टो घेऊन महिनाभराने मेलेला कोणत्या खात्यात धरणार? चिखलात आणि पाचोळ्यात सगळ्यात जास्त वेळ हात घालणाऱ्यांकडे सातबारा नाही. तापांची नावं यादीत घालताना ही अट तशीच ठेवली, तर मदत ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला जाईल आणि ताप जिला आला ती बाहेर राहील.

मजूर असल्याचा पुरावा कुठून आणायचा, असं यावर महसूल खात्यातले लोक म्हणतील. तो गावातच आहे. जूनमध्ये लावणीआधी लेप्टोच्या गोळ्या वाटायच्या तर आशाताईला घरोघर जाऊन कोण चिखलात उतरणार याची नावं लिहावीच लागतात. डिसेंबरात डेपा तेल द्यायचं तर काजूच्या बागेत आणि रानात कोण जाणार याचीही लागतात. त्या वहीत घरच्या, रोजावरच्या, बाहेरून आलेल्या सगळ्यांची नावं येऊ द्यावीत, ग्रामसभेपुढे ती वाचून दाखवावी आणि ग्रामसेवकाने सही करावी. गोळी दिल्याची तीच नोंद काम केल्याचा दाखला म्हणून तहसीलदाराने मान्य करावी. शासननिर्णयात एवढी एक ओळ आणि तीन तापांची नावं वाढवायला पुढच्या लावणीपर्यंतचा वेळ पुरेसा आहे.